कोकरू खाली ठेवा

कोकराचे मागचे पाय ढिले पडले की माणूस आधी त्याला उचलून छातीशी धरतो. हल्ली त्यानंतर मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून मला पाठवतो. व्हिडिओत कोकरू कुणाच्या तरी मांडीवर बसलेलं असतं, गळ्यात काळा दोरा असतो, आणि मागून कुणीतरी विचारत असतं, "मॅडम, याला काय झालंय बघा की." मांडीवरच्या कोकराला काय झालंय हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. मी उलट एकच वाक्य पाठवते, "कोकरू खाली ठेवा." लोकांना वाटतं, डॉक्टरीण फटकळ आहे. फटकळ मी आहेच, पण हे वाक्य माझं नाही. ते नामण्णांचं आहे.

त्यांचं खरं नाव नामदेवराव. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, त्यामुळे नामदेवरावांचा नामण्णा कधी झाला ते त्यांनाही सांगता येत नसे. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात त्यांचं घर. घराणं रंगाऱ्यांचं. कापड रंगवायचं काम आजोबांच्या वेळी भरभराटीला होतं, वडिलांच्या वेळी उतरलं, आणि नामण्णा जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर झाले. मी सोसले गावाच्या बाजूच्या एका खेड्यातल्या दवाखान्यात नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले तेव्हा ते तिथे सात वर्षं होते. आमचं घराणंही म्हैसूरचंच, पूर्वज राजाच्या फौजेत होते म्हणतात. हे कळल्यावर नामण्णा म्हणाले, "मग तुमच्या लोकांच्या पागोट्यांना आमच्या लोकांनी रंग दिलेला, तायी. उधारी राहिली असंल तर सोडून दिली." लोकांशी कन्नडमध्ये बोलताना ते मला डॉक्टरम्मा म्हणत आणि माझ्याशी मराठीत बोलताना तायी, म्हणजे आई. मी त्यांना काका म्हणायची. नवऱ्यामुळे मी पुढे पुण्याचं मराठी लिहायला शिकले, पण काकांशी बोलताना जीभ आपोआप घरच्या वळणावर जायची.

पहिल्याच दिवशी एक म्हातारा कोकरू घेऊन आला. मी कोरी करकरीत डॉक्टर, गळ्यात स्टेथोस्कोप. कोकराला टेबलावर घेतलं आणि मागचे पाय दाबून बघायला लागले. नामण्णा शांतपणे पुढे आले, त्यांनी कोकरू टेबलावरून उचललं आणि अंगणात मातीवर ठेवलं.

"टेबलावर सगळीच कोकरं लंगडी, तायी. इथं त्याला कुठं जायचंय? खाली ठेवा. आई पुढं न्या. नोडोणा, काय करतंय."

नोडोणा म्हणजे पाहू या. म्हाताऱ्याने मेंढीला दहा पावलं पुढे नेलं. कोकरू ओरडलं, निघालं, चौथ्या पावलाला मागचा डावा पाय उचलून धरला. नामण्णा उकिडवे बसून बघत होते. मग त्यांनी कोकराला पकडून गुडघ्याच्या सांध्याला हाताची उलटी बाजू लावली, माझाही हात तिथे लावला. सांधा गरम होता आणि सुजलेला. पोट वर करून बेंबी दाखवली. बेंबी ओली होती, वास मारत होती. बेंबीतून शिरलेला जंतू सांध्यात जाऊन बसला होता. हे सगळं माझ्या पुस्तकात होतं, पण पुस्तकातलं कोकरू टेबलावरच असतं.

पुढे त्यांचा क्रमच मला पाठ झाला. आधी लांबून बघायचं. दोन्ही मागचे पाय एकदम हलतात की एकच दुखतोय? कंबर इकडून तिकडे डोलते का? दहा पावलांनंतर कुत्र्यासारखं बसतं का? मग हात लावायचा, सांधे, बेंबी, कणा, मांडीचं मांस. मग ताप. शेवटी कोकराला पोटाखालून आधार देऊन आईच्या सडाशी धरायचं. शेपूट हलवत चोखायला लागलं की नामण्णांचा चेहरा खुलायचा. "पोट मागतंय, पाय देत नाहीत. म्हणजे हे जगणार म्हणून म्हणतंय." आणि चोखलंच नाही की ते काही न बोलता ताप पुन्हा बघायचे.

रंगाऱ्याचे डोळे मात्र त्यांनी नोकरीला लावले होते. मेंढीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा आणि रक्त कमी आहे का ते ठरवायचं, हे सगळेच करतात. आम्ही गुलाबी, फिकट, पांढरा अशा तीन शब्दांत भागवतो. नामण्णांकडे पंधरा-वीस शब्द होते आणि ते रजिस्टरमध्येही लिहीत. एकदा तपासणीला आलेले साहेब एका ओळीवर अडले. कन्नड लिपीत लिहिलं होतं, "पापणी: तिसऱ्या धुण्याचा कुसुंबी." साहेबांनी चष्मा काढून विचारलं, हे काय आहे. नामण्णांनी अदबीने सांगितलं, कुसुंब्यात रंगवलेलं कापड तीनदा धुतल्यावर उरतो तो रंग. साहेब तापले. सरकारी रजिस्टर आहे, धोब्याची वही नाही म्हणाले. नामण्णा त्यांच्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "साहेब, रागावू नका, तुमचाही तोच आहे. एकदा रक्त तपासून घ्या." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. दोन महिन्यांनी साहेबांच्या ड्रायव्हरने सांगितलं की साहेबांना लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यात.

त्यांची एक सवय मात्र माझ्या डोक्यात जायची. वजन केल्याशिवाय ते कुठल्याच जनावराला औषध देत नसत. पोत्याची झोळी, वर टांगायचा काटा, एकेक कोकरू झोळीत घालायचं, आकडा मोठ्याने वाचायचा, मग औषध मोजायचं. शिबिराच्या दिवशी साठ-सत्तर मेंढ्या उन्हात उभ्या, मालक शिव्या घालतायत, आणि नामण्णा झोळी सारखी करतायत. एकदा मी चिडून म्हणाले, "काका, अर्धा किलो इकडे तिकडे झाला तर काय आकाश कोसळणार आहे? अंदाजाने द्या ना."

"आमच्या घरात अंदाज होता, तायी," ते म्हणाले. "मी तो सोडला."

आणखी एक कोडं होतं. म्हैसुरात, त्यांच्या घरापासून चालत जाता येईल अशा दवाखान्यात बदली त्यांना दोनदा देऊ केली होती. दोन्ही वेळा नको म्हणाले. रोज सकाळी डबा घेऊन बसने यायचे आणि संध्याकाळी बसने जायचे. वर दर मंगळवारी दुपारी, कुणी बोलावलेलं नसताना, गावाच्या टोकाला पुट्टतायम्माच्या घरी तिच्या मेंढ्या बघायला जायचे. पुट्टतायम्मा ही विधवा बाई, चाळिशी ओलांडलेली, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. बन्नूर जातीच्या बुटक्या, भरलेल्या मेंढ्या पाळायची, त्यावरच तिचं घर चालायचं. दवाखान्यातले लोक नामण्णांची थट्टा करायचे, मीही एकदोनदा केली. ते हसायचे नाहीत.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना पुट्टतायम्मा एका सकाळी धावत दवाखान्यात आली. अकरा कोकरं, तीन ते पाच आठवड्यांची. त्यातल्या सहांचे मागचे पाय गेले होते, एक पहाटे मेलं होतं. दाराशीच ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "माझ्या हाताला मेंढी लाभतच नाही, अम्मा. अप्पा म्हणायचा तेच खरं." अप्पा म्हणजे तिचा बाप.

नामण्णा त्या वेळी बाटल्या पुसत होते. त्यांचा हात थांबला.

आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. कोकरं कोपऱ्यात पडलेली, डोळे मात्र टवटवीत. माझं निदान तयारच होतं. गाभण असताना मेंढीला तांबं कमी मिळालं तर कोकरांचे मागचे पाय असे डगमगतात, त्या भागात मी ते पाहिलंही होतं. मी म्हणाले, "तांब्याची कमतरता आहे. इंजेक्शन काढा, काका, मेंढ्यांनाही तोंडाने देऊ."

"तांबं नको," नामण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. पहिला दिवस सोडला तर इतक्या वर्षांत त्यांनी माझा शब्द लोकांसमोर कधी खोडला नव्हता.

"डॉक्टर मी आहे, काका."

"हो, तायी. तुमच्या पाया पडतो. आधी त्यांना खाली ठेवून चालवू. दहा पावलं. अकरावं नको."

त्यांचा आवाज इतका वेगळा होता की मी बाजूला सरले. त्यातल्या त्यात बरं असलेलं एक कोकरू त्यांनी मातीवर उभं केलं. ते डगमगलं नाही. लाकडी पायांनी चालावं तसं ताठ चाललं, पाठ कमानीसारखी, आणि सातव्या पावलाला बसलं. नामण्णांनी त्याची मांडी माझ्या हातात दिली. दोन्ही मांड्या कडक होत्या आणि दाबल्यावर ते कण्हलं. सांधे थंड, बेंबी कोरडी, ताप नाही. सडाशी धरल्यावर हपापून चोखायला लागलं. मग त्यांनी पुट्टतायम्माला दोन प्रश्न विचारले. मेंढ्या गाभण असताना काय खात होत्या? सुका पेंढा, हिरवं मिळालंच नाही. आणि कोकरं अलीकडे लांब चालली का? रविवारी कालव्यापलीकडच्या रानात नेली होती, पहिल्यांदाच.

मेलेलं कोकरू आम्ही अंगणातच फाडून बघितलं. मांडीच्या लाल मांसात पांढऱ्या पट्ट्या उमटल्या होत्या. प्रश्नच मिटला. हा स्नायूंचा आजार, सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व कमी पडल्याने होणारा. तांबं दिलं असतं तर कोकरांना काडीचा उपयोग झाला नसता, आणि मेंढ्यांना ते जास्त झालं की विष होतं हे मला कागदावर चांगलं ठाऊक होतं.

नामण्णांनी झोळी टांगली. सेलेनियमही जास्त झालं तर मारतं, म्हणून दहाही कोकरांचं वजन केलं आणि तेवढ्यालाच तेवढं औषध भरून दिलं. त्या दिवशी मी झोळी धरून उभी राहिले. मग त्यांनी पुट्टतायम्माला पुढचं शिकवलं. पडलेल्या कोकरांना चालवायचं नाही. पेंढ्यावर कोरडं ठेवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटाखाली हात घालून सडाशी धरायचं, कावळे येऊ द्यायचे नाहीत. ती मान हलवत होती. तिच्याकडे न बघता ते बोलत होते.

दवाखान्यात परतल्यावर ते करंजाच्या झाडाखाली बसले आणि डबा उघडलाच नाही. मी म्हणाले, "काका, आज तुम्ही मला वाचवलंत."

"मी तुम्हाला नाही वाचवलं, तायी. मी भ्यालो."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीला लागून दोनच वर्षं झाली होती, दुसऱ्या तालुक्यात. तिथे काळेगौडा म्हणून एक मेंढपाळ होता. एका हंगामात त्याची कोकरं कंबर डोलत जन्मली. तिथल्या डॉक्टरांनी तांब्याची कमतरता ओळखली आणि पुढच्या खेपेला गाभण मेंढ्यांना मोरचुदाचं पाणी थोडं थोडं पाजा म्हणून माप लिहून दिलं. पाजायच्या दिवशी डॉक्टर रजेवर होते. मोरचूद म्हणजे तांब्याचा तो निळा खडा. नामण्णांच्या घरी काताचा तपकिरी रंग कापडावर पक्का करायला तो पिढ्यान्पिढ्या वापरत. वडील कधी तोलत नसत, तळहातावर पाणी घेऊन निळा बघत आणि पुरे म्हणत.

"मला वाटलं, हे तर आमच्या घरचं काम," नामण्णा म्हणाले. "काटा कपाटातच ठेवला. हातावर पाणी घेतलं, निळा बघितला, पुरे म्हटलं. कापडाला पुरे होता तो निळा, तायी. सकाळी पाजलं. दुपारी काळेगौडाची धाकटी पोर मेंढ्या चारायला घेऊन गेली. संध्याकाळी मेंढ्या पडायला लागल्या. हिरवट जुलाब, तोंडाला फेस. दोन दिवसांत चौदा गेल्या, सगळ्या गाभण. काळेगौडानं म्हटलं, पोरीनं विषारी पाला खाऊ घातला. माझ्यासमोर तिला मारलं. नऊ-दहा वर्षांची असंल. ती माझ्याकडं बघत होती, मी काहीतरी सांगीन म्हणून. मी बाटली पिशवीत घातली आणि बस पकडली."

मला विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. ते म्हणाले, "तीच. पुट्टतायम्मा. इथं दिली आहे म्हणून कळलं, तेव्हा इकडं बदली मागून घेतली. सांगायला आलो होतो. आधी नोकरीची भीती, मग माझ्या मुलीचं लग्न होऊ दे म्हटलं, मग पेन्शन मिळू दे. दर वर्षी कारण नवं."

मला त्यांचा राग आला. फार राग आला, कारण मी त्यांच्यावर माया करत होते आणि त्यांना थोर समजत होते. मी म्हणाले, "काका, ती बाई आज माझ्या दारात बसून स्वतःच्या हाताला दोष देत होती. तुम्ही ऐकलंत ना?" ते ऐकलं म्हणाले आणि उठून आत गेले.

पाचव्या दिवशी दहातली आठ कोकरं पायांवर उभी होती. दोन गेली. मी आणि नामण्णा बघायला गेलो तेव्हा पुट्टतायम्मा एका कोकराला सडाशी धरून बसली होती. तिने आम्हाला चटई टाकली. नामण्णा बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी कन्नडमध्ये सगळं सांगितलं, मला सांगितलं तसंच, मोरचुदापासून बसपर्यंत. मध्ये एकदाही क्षमा हा शब्द वापरला नाही. पुट्टतायम्माने कोकराला पोटभर पिऊ दिलं, मग सोडलं. इतकी वर्षं ती त्यांना अहोजाहो करायची. तिने विचारलं, "गेल्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"गेल्या वर्षी?" नामण्णांनी विचारलं.

"गेल्या वर्षीपर्यंत अप्पा होता. शेवटच्या आजारात त्याच्या उशाशी मी होते. तेव्हासुद्धा तो म्हणाला, त्या दिवशी तू मेंढ्या कुठं नेल्या होत्यास ते आता तरी सांग." ती उठली. "आमच्यात पोरीच्या लग्नात माहेरची एक मेंढी देतात. तिच्यापासून सासरचा कळप वाढतो. माझ्या तिन्ही बहिणींना दिली. मला दोन पातेली दिली. या मेंढ्या मी मोलमजुरी करून उभ्या केल्यात. आता तू माझ्या भावाच्या अंगणात ये आणि त्या सगळ्यांसमोर हे सांग."

येत्या रविवारी मारम्मा देवीची पूजा होती, सगळं माहेर जमणार होतं. नामण्णा येतो म्हणाले. तक्रार झाली तर निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली असती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

रविवारी माझ्या गाडीतून आम्ही गेलो. नामण्णा पुढे बसले, पुट्टतायम्मा मागे. मी फाटकाशीच थांबले. अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. पुट्टतायम्माने मोठ्या भावाला काहीतरी सांगितलं आणि बाजूला झाली. पांढरा शर्ट घातलेले नामण्णा मधोमध उभे राहिले, हात जोडले आणि बोलले. शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. एक तरुण पुतण्या अंगावर धावून गेला, त्याला दोघांनी धरलं. नामण्णा जागचे हलले नाहीत. मोठ्या भावाने सगळं ऐकून घेतलं. मग तो गोठ्यात गेला, वर्षाची एक मेंढी कानाला धरून घेऊन आला आणि बहिणीच्या पुढ्यात उभी केली. पुट्टतायम्मा तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिथेच, सगळ्यांसमोर, ती लहान मुलीसारखी रडली.

तक्रार कुणी केली नाही. पुट्टतायम्मा माहेरी दोन दिवस राहणार होती, म्हणून परतीला गाडीत आम्ही दोघंच. म्हैसूर येईपर्यंत नामण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटत होतं, एवढं ओझं उतरलं, आता हे काहीतरी बोलतील, निदान चहा घेऊ म्हणतील. लष्कर मोहल्ल्याच्या तोंडाशी गर्दी होती, मी गाडी कडेला घेतली. ते उतरले, आणि दार धरून उभे राहिले.

"काका, आता तरी बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"पोरीला मेंढी मिळाली, तायी. ते झालं," ते म्हणाले. "काळेगौडाला आता कुठं जाऊन सांगू?"

त्यांनी दार हळूच लावलं, डाव्या हाताने धोतराचा सोगा उचलून धरला आणि दुकानांच्या गर्दीतून घराकडे चालू लागले.